कंडक्टरची विजार आणि मास्तरांचा ताण

गेल्या वर्षी एका प्रशिक्षण वर्गात, दुपारच्या चहानंतर, आम्हा पन्नासएक शिक्षकांच्या हातात एकेक प्रश्नावली पडली. पहिल्या पानावर विचारले होते, ‘आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता?’ दुसऱ्या पानावर, ‘कामाचा ताण किती जाणवतो? एक ते पाच यांपैकी एका आकड्याभोवती गोल करा.’ माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी हात वर केला. ‘सर, मी घरापासून स्टँडपर्यंत चालते. आमचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहेत. दिवसभर उभीच असते. हे यात धरायचे का?’ व्याख्याते म्हणाले, ‘नाही मॅडम, ते काम झाले. व्यायाम म्हणजे मुद्दाम केलेला.’ बाईंनी पहिल्या पानावर शून्य लिहिले आणि दुसऱ्या पानावर पाचाभोवती गोल केला. समारोपात व्याख्यात्यांनी सांगितले, की नियमित व्यायाम करणाऱ्या शिक्षकांना ताण कमी असतो हे शास्त्राने सिद्ध झाले आहे, तेव्हा उद्यापासून प्रत्येकाने रोज अर्धा तास द्यावा.

व्यायामाला माझा विरोध नाही. स्वतः सकाळी चालायला जाणाऱ्यांपैकी मी आहे. पण ‘शास्त्राने सिद्ध झाले आहे’ हे शब्द आपण वर्गात मुलांसमोर जपून वापरतो, तसे ते आपल्यासमोरही जपून वापरले जावेत एवढी अपेक्षा गैर नाही. शिक्षकांच्या ताणावरचे पुष्कळसे अभ्यास याच घडणीचे असतात. एकच प्रश्नावली, एकच दुपार, दोन पाने. आणि दोन पानांवरच्या आकड्यांमधला सहसंबंध. या घडणीची थोडी चिकित्सा करावी म्हणून हा लेख.

छत्र्यांचा खप वाढतो तेव्हा बेडूक ओरडू लागतात. छत्र्यांमुळे बेडूक ओरडतात असे सहावीतले मूलही म्हणणार नाही, कारण तिसरी गोष्ट, म्हणजे पाऊस, त्याला दिसत असतो. शिक्षकांच्या प्रश्नावलीत हा पाऊस दिसत नाही. जो व्यायाम करतो त्याचा ताण कमी होतो, हा एक अर्थ झाला. ज्याच्यावर ताण कमी त्यालाच पहाटे उठून फिरायला जाण्याचे त्राण उरते, हा उलटा अर्थही त्याच आकड्यांत बसतो. आणि ज्या शिक्षिकेच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, शाळा तीस किलोमीटरवर आहे, तिला व्यायामही नाही आणि ताणही जास्त. तिथे या दोघांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. शिवाय दोन्ही पाने भरणारी व्यक्ती एक, तिची त्या दुपारची मनःस्थितीही एक. वैतागलेला माणूस दोन्हीकडे वाईटच उत्तर देतो.

आकडे खोटे नसतात, पण ते यांतला कोणता अर्थ खरा हे सांगत नाहीत. ते शोधून काढायला आणखी कष्ट घ्यावे लागतात. असे कष्ट कसे घ्यायचे याचा एक जुना धडा आहे आणि तो कामाच्या ठिकाणच्या हालचालीबद्दलचाच आहे.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस जेरी मॉरिस नावाचे एक ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ हृदयविकार का वाढतो आहे याचा शोध घेत होते. त्यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरचे कर्मचारी निवडले. मुंबईच्या जुन्या डबलडेकरमध्ये वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असत, हे ज्यांनी त्यांतून प्रवास केला आहे त्यांना आठवत असेल. लंडनच्या बसमध्ये एकच कंडक्टर. तिकिटे देत त्याने दिवसभर खालीवर करायचे. दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या. ड्रायव्हर मात्र पाळीचा जवळजवळ सारा वेळ बसून. दोघांची बस तीच, रस्ते तेच, पगारही साधारण सारखा. सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९५३ साली मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. दर हजारी दर वर्षी हृदयविकार होण्याचे प्रमाण ड्रायव्हरांत २.७ आणि कंडक्टरांत १.९ होते. कंडक्टरांना झालेला विकार तुलनेने सौम्य असे आणि त्यातून ते वाचण्याची शक्यताही अधिक असे.

इथेच थांबून ‘जिने चढा, हृदय सांभाळा’ अशी घोषणा करता आली असती. पण विचार करणाऱ्या कोणालाही लगेच एक शंका येईल. ड्रायव्हर बसून असतो हे खरे, पण लंडनच्या गर्दीतून अवजड बस हाकणे हे डोक्याला ताप देणारे काम आहे. त्याचा विकार बसण्यामुळे की ताणामुळे? म्हणजे आपल्या प्रश्नावलीतली दोन पाने इथेही एकमेकांत अडकलेली होती. मॉरिस यांच्या गटाने टपाल खात्याचीही आकडेवारी घेतली. पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन एकीकडे, आणि बसून काम करणारे कारकून व टेलिफोन ऑपरेटर दुसरीकडे. यांत बस हाकणारा कोणी नाही. तरीही फरक त्याच दिशेने निघाला.

दुसरी शंका अधिक अडचणीची होती. मुळात जाडसर माणसेच ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील तर? मग विकार नोकरीमुळे नव्हे, माणूस आधीच तसा असल्यामुळे. हे तपासायचे कसे? भरतीच्या वेळची वजने सगळ्यांची कुठून मिळणार? मॉरिस यांना मार्ग सापडला तो शिंप्याकडे. कर्मचाऱ्यांना गणवेश मिळत असे आणि कोणाला कोणत्या मापाचा दिला याच्या नोंदी बस कंपनीकडे होत्या. त्यांनी विजारींचे कमरेचे घेर मोजले. ड्रायव्हरांचे घेर मोठे निघाले, आणि तरुण वयोगटातही मोठे निघाले. म्हणजे शंका निराधार नव्हती! १९५६ साली हा निष्कर्षही त्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच छापला. शीर्षकातच गणवेशांचा उल्लेख होता, काहीशा गमतीने. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला स्वतःच भोक पाडायचे आणि ते चारचौघांत दाखवायचे, ही गोष्ट मला त्या मूळ निष्कर्षापेक्षा मोलाची वाटते. पुढे बारीक, मध्यम आणि जाड असे गट पाडून पाहिले तेव्हाही कंडक्टरांत अचानक मृत्यूचे प्रमाण कमीच राहिले. म्हणजे घेराने सगळा फरक समजावता येत नव्हता. पण हे म्हणण्याचा अधिकार विजारी मोजल्यानंतरच मिळाला.

आता आमच्या त्या बाईंकडे येऊ. चहाच्या वेळी आम्ही हिशेब केला. तीन मजल्यांच्या ६६ पायऱ्या, आणि वर्ग, कार्यालय, पोषण आहाराची खोली, मैदान अशा दिवसाला आठ फेऱ्या. ६६ गुणिले ८ म्हणजे ५२८ पायऱ्या. लंडनच्या कंडक्टरच्या पंगतीत बसण्याइतक्या! आणि कागदावर मात्र शून्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. आणि त्यात फावल्या वेळातली, कामातली, घरकामातली, जाण्यायेण्यातली सगळी हालचाल धरता येते. सलग दहा मिनिटे तरी हालचाल हवी ही जुनी अटही त्यांनी काढून टाकली आहे. तेव्हा व्याख्यात्यांचे ‘ते काम झाले’ हे उत्तर चूकच होते.

पण म्हणून बाईंना पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे व्हावे काय? इथे गंमत आहे. गेल्या काही वर्षांत डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमन यांच्यासारख्या संशोधकांनी एक विसंगती पुढे आणली आहे. फावल्या वेळातली हालचाल आयुष्य वाढवताना दिसते, पण कामातली जड हालचाल तसे करताना दिसत नाही, उलटही दिसते. २०१८ साली पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रीकरण करून असे आढळले, की कामात भरपूर शारीरिक श्रम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी अधिक होता. स्त्रियांमध्ये तसे दिसले नाही. २०२१ साली कोपनहेगनच्या १ लाख ४ हजारांवर प्रौढांच्या पाहणीतूनही हीच दुहेरी दिशा दिसली. या मतालाही आव्हान मिळाले आहे. जड कामे करणारे लोक बहुधा गरीब असतात, त्यांचे राहणीमान, व्यसने, उपचार सगळेच वेगळे. हा सगळा फरक आकडेमोडीने पूर्ण वजा करता येत नाही. २०२१ सालीच नॉर्वेतल्या एका मोठ्या अभ्यासात तर कामात हालचाल करणारे पुरुष बैठ्या पुरुषांपेक्षा अधिक जगलेले आढळले. तेव्हा हा वाद मिटलेला नाही.

वाद मिटला नसला तरी त्याच्या मुळाशी असलेला शरीरशास्त्राचा मुद्दा शिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात, मधल्या शिरा दाबल्या जातात आणि झडपांमुळे रक्त फक्त वरच्या दिशेने ढकलले जाते. एका जागी उभे राहिल्यावर हा पंप जवळजवळ बंद असतो. रक्त पायांत साचते, पाय सुजतात, शिरा फुगतात. म्हणजे फळ्यासमोर पाच तास उभे राहणे आणि पाच तास चालणे यांत शरीराच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या सुमारे ७,३०० कामगारांवर बारा वर्षे लक्ष ठेवून केलेल्या एका अभ्यासात, प्रामुख्याने उभ्याने करायच्या कामांत हृदयविकाराचा धोका बैठ्या कामांच्या सुमारे दुप्पट आढळला. दुसरी गोष्ट विश्रांतीची. धावायला जाणारा माणूस दमला की थांबतो, आणि व्यायामानंतर काही तास त्याचा रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा खाली राहतो. तास घेणाऱ्या शिक्षकाला दमल्यावर थांबता येत नाही. घंटा होते तेव्हा तो थांबतो, आणि पुढच्या घंटेला पुन्हा उभा. पाणी कमी प्यायचे, म्हणजे मध्येच वर्ग सोडून स्वच्छतागृहाकडे जावे लागणार नाही, हा आपल्या कित्येक भगिनींचा नित्याचा तोडगा आहे. कोणत्याही प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नसतो.

(जाता जाता दहा हजार पावलांबद्दल. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. २०१९ साली अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांच्या पाहणीत रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदरही २,७०० पावलेवाल्यांपेक्षा बराच कमी होता, आणि ७,५०० च्या पुढे फारसा जास्त फायदा दिसला नाही. मोबाईलवर ९,८०० दिसले म्हणून रात्री अंगणात येरझाऱ्या घालणाऱ्या आमच्या मुख्याध्यापकांना मी हे सांगून पाहिले आहे. उपयोग झाला नाही.)

थांबता येणे, न येणे हा मुद्दा आला की आपण ताणाच्या मुळाशी पोहोचतो. १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडले, की काम किती आहे एवढ्यावरून ताण ठरत नाही. त्या कामात स्वतः निर्णय घेण्याची मुभा किती, हेही पाहावे लागते. काम भरपूर आणि मुभाही भरपूर, तर माणूस थकतो पण शिकतो, फुलतो. काम भरपूर आणि मुभा नाही, तर झिजतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरांवर मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासांनी याला आधार दिला. सगळ्यात वरचे साहेब ताणाने आधी जातात अशी समजूत होती. प्रत्यक्षात पायरी जितकी खालची तितके मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. त्यात कामावर ताबा कमी असणाऱ्यांना पुढे हृदयविकार अधिक झाला. आणि ताबा किती हे केवळ त्या कर्मचाऱ्याच्या सांगण्यावर सोडले नव्हते. त्याच्या कामाचे बाहेरच्या व्यक्तीकडून केलेले मूल्यमापनही घेतले होते. वैतागलेला माणूस दोन्ही पानांवर वाईट लिहितो या आक्षेपाला हे उत्तर होते. पुन्हा एकदा, विजार मोजली गेली.

शिक्षकाचे काम कॅरासेक यांच्या मांडणीत कुठे बसते? वर्गाचे दार लावल्यावर शिक्षकाइतका स्वतंत्र कोणी नाही असे आपण म्हणत आलो. आज दार लावता येते का हा प्रश्न आहे. माहिती आजच, दुपारी दोनच्या आत, ठरलेल्या नमुन्यात पाठवा. फोटो अपलोड करा. तास अर्धा सोडून या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे. हे तीन अपवाद किती रुंद आहेत आणि त्यांच्या बाहेरही काय काय येते, हे वाचकांना मी सांगायला नको. त्याच कायद्याच्या परिशिष्टात आठवड्याला किमान ४५ तास, तयारीसह, असे शिक्षकाचे काम धरले आहे. त्यांतले तयारीचे तास कोणाला मिळतात? इंग्लंडमध्ये कायरियाकू आणि सटक्लिफ यांनी १९७८ साली १६ शाळांतल्या २५७ शिक्षकांना विचारले तेव्हा सुमारे एक पंचमांश शिक्षकांनी आपले काम खूप किंवा अतिशय ताणाचे असल्याचे सांगितले होते. तो काळ मोबाईलच्या गटांआधीचा होता.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. ‘व्यायाम करा, ताण घालवा’ या सल्ल्यात व्यायामाबद्दलचे म्हणणे पुष्कळसे खरे आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या प्रयोगांत व्यायामाने उदासीनतेची लक्षणे कमी झालेली आणि झोप सुधारलेली अनेकदा दिसली आहे. (आपण व्यायाम करतो आहोत हे करणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे औषधांच्या चाचणीइतकी ही चाचणी चोख होऊ शकत नाही, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी.) ‘व्यायामाने ताणाची संप्रेरके जळून जातात’ हे मात्र ऐकायला सोपे आणि शास्त्राला धरून नसलेले स्पष्टीकरण आहे, जोरदार व्यायामात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल तात्पुरते वाढतातच. चढ-उतार हा दोष नव्हे, चढल्यावर उतरायला वेळच न मिळणे हा दोष. पण ताणाचा उगम कामाच्या रचनेत असताना उपाय मात्र शिक्षकाच्या पहाटेत शोधला, की जबाबदारी गुपचूप त्याच्या अंगावर सरकते. तुम्हाला ताण आहे? मग तुम्ही सूर्यनमस्कार घालत नसणार.

आणि ही पहाट सगळ्यांकडे सारखी नसते. २०१९ च्या देशव्यापी कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करत असल्याचे आढळले. रोजचा अर्धा तास पुरुष शिक्षकाने कशातून काढायचा आणि शिक्षिकेने कशातून, हे प्रश्न एकाच सुरात विचारता येणार नाहीत. मॉरिस यांनीही पुढे फावल्या वेळेकडे मोर्चा वळवला होता. बैठे काम करणाऱ्या जवळजवळ १७,००० सरकारी अधिकाऱ्यांना त्यांनी सोमवारी सकाळी गाठून मागच्या शुक्रवारी आणि शनिवारी काय केले ते मिनिटामिनिटाने लिहून घेतले. १९७३ साली छापलेल्या त्या अभ्यासात जोमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशच निघाला. पण ते सगळे ४० ते ६४ वयाचे पुरुष होते. त्यांच्या शनिवारी घरचा स्वयंपाक कोण करत होते, हा रकाना त्या अभ्यासातही नव्हता. मॉरिस स्वतः नव्वदीपर्यंत पोहत आणि चालत राहिले, आणि २००९ साली ९९ व्या वर्षी गेले. माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा आदर या रकान्यामुळे कमी होत नाही.

प्रश्नावल्या येत राहतील. त्या तयार करणाऱ्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. पहिली, हालचाल विचारायची तर तिचे प्रकार वेगळे विचारावेत. किती वेळ उभे होता, किती वेळ चाललात, किती वेळा खुर्चीत बसता आले, आणि यांतले किती तुमच्या इच्छेने. ताणाच्या पानावर, मागच्या आठवड्यात वर्ग चालू असताना किती वेळा दुसऱ्या कामासाठी बोलावणे आले, हा आकडा विचारावा. तो शाळेच्या जावक रजिस्टरशी आणि फोनवरच्या निरोपांशी ताडून पाहता येतो, म्हणजे भरणाऱ्याच्या मनःस्थितीवर सगळे अवलंबून राहणार नाही.

दुसरी गोष्ट प्रयोगाची. तालुक्यातल्या चाळीस शाळा घ्या, चिठ्ठ्या टाका. वीस शाळांत एक सत्रभर रोज अर्धा तास योगवर्ग चालवा. उरलेल्या वीस शाळांत तेवढाच अर्धा तास शिक्षकांना तयारीसाठी मोकळा द्या, आणि शाळा चालू असताना एकही माहिती मागवू नका. सत्राच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे रक्तदाब, झोपेचे तास आणि रजा मोजा. पहिल्या वीस शाळांसाठी परवानगी आठवड्यात मिळेल. मी हे त्या व्याख्यात्यांनाही सुचवले. त्यांनी कल्पना चांगली आहे असे म्हणून लेखी प्रस्ताव मागितला. ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत, त्याच संध्याकाळी पाचच्या आत.